सात नंबरची भिमा

आबासाहेब गावड्यांनी आयुष्याची चौतीस वर्षं समुद्रात काढली आणि त्यांना पोहता येत नाही. मोहोळच्या बाजारात कुणी ह्यावरून टोकलं तर ते नाराज होत नाहीत. उलट हातातली पिशवी खाली ठेवतात आणि सुरू करतात. चौऱ्याहत्तर साल. मुंबईची कचेरी. टेबलामागे साहेब. साहेबानं विचारलं, पोहता येतं का? आबा म्हणाले, "सायेब, आमच्याकडं पवायपुरतं पाणी असतं, तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?" साहेब हसला आणि चौथी पास आबासाहेब तेलाच्या नोकरीला चिकटले. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की त्यातला साहेब आधी बंगाली होता, मध्ये पंजाबी झाला आणि गेल्या दिवाळीपासून रशियन आहे. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई मेथी निवडता निवडता म्हणतात, "पुढच्या साली त्येला जपानी करा. तेवढंच ऱ्हायलंय."

साहेबाचं काय असेल ते असो, पाण्याचं मात्र खरं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात आबा बावीस वर्षांचे होते आणि बोअरच्या गाडीवर कामाला होते. करकंबपासून जेऊरपर्यंत गावोगाव भोकं पाडत हिंडायचे. दोनशे फूट काळा दगड फोडायचा आणि वर काय यायचं, तर फुफाटा. गाडी दारात आली की घरची बाई ताट घेऊन उभी राहायची. पाणी लागलं की पहिल्या धारेला हळदकुंकू. पण त्या वर्षी कुणाच्या घरात हळद तरी असेल की नसेल, म्हणून आबा आपल्याच सदऱ्याच्या खिशात एक पुडी बाळगायचे. एकशेचार भोकं पाडली त्यांनी, आणि नव्वदांवर ती पुडी उघडायची वेळच आली नाही. लोक शिव्या देत नसत, हेच वाईट. नुसते भोकाकडे बघत बसत.

तशीच पुडी खिशात घेऊन ते समुद्रावर गेले.

मुंबईपासून पन्नास कोस आत, चहूकडे पाणी, आणि मध्ये लोखंडाचे पाय रोवून उभं असलेलं जहाज. 'बॉम्बे हाय'ला तेल लागून जेमतेम वर्ष होत होतं. पहिल्या दिवशी आबांनी बघितलं ते एवढंच की इथंही भोकच पाडायचं आहे, फक्त ते चौदाशे मीटर खोल आहे आणि काळ्या दगडाच्या जागी पांढरी चुनखडी आहे. त्या चुनखडीच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं. वर आलेला चुरा ते चिमटीत धरून हुंगायचे. पुढं पुढं त्यांचं नाक असं तयार झालं की प्रयोगशाळेतला माणूस कागद घेऊन यायच्या आत ते सांगायचे, "हाय." किंवा "अजून दमा."

एखादं गाव वसावं तसं ते तेलाचं क्षेत्र आबांच्या डोळ्यांदेखत वसलं. आधी एक लोखंडी माची, मग तिच्याशेजारी दुसरी, मग दोघींच्या मध्ये पूल. सुरुवातीला तेल बोटींत भरून न्यायचे, मग समुद्राच्या तळातून उरणपर्यंत नळ टाकला. माच्या वाढल्या, त्यांच्यावर खोल्या झाल्या, खानावळ झाली, जास्तीचा गॅस जळायचा त्याच्या ज्वाळा झाल्या. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, अशी पाळी असायची. आबा घरी आले की अर्धा गाव ओट्यावर जमायचा आणि ते सांगत बसायचे.

सगळ्यात पुढं बसायची त्यांची मुलगी भिमा.

भिमा सत्त्याहत्तरची. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, पण ती एकटी "आप्पा" म्हणायची. तिला तेलाचं काही नव्हतं, तिला हेलिकॉप्टर हवं असायचं. माचीच्या डोक्यावर पांढरा गोल काढलेला असतो, वैमानिकाला तो गोल दिसला की तो बरोबर मधोमध उतरवतो, हे आबांनी तिला एकदा सांगितलं. तेव्हापासून ती घरासमोरच्या खळ्यात बोटानं गोल काढून त्यात उभी राहायची आणि म्हणायची, "आप्पा, तुमी एस.टी.नं कशाला येता? सरळ हितं उतरा की."

"उतरू की," आबा म्हणायचे. "पर गोल नीट पायजे. वाकडा असला तर त्यो शेजाऱ्याच्या उकिरड्यात उतरवील."

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपल्याकडे लांबच्या माणसाला मेल्याची बातमी कुणी कळवत नाही. कळवायची सोयच नसते म्हणा ना. कोण कुठं असेल, एकटा असेल, ऐकून काय करून घेईल. म्हणून कारण न सांगता नुसतं बोलावून घेतात. "लगेच निघून या," बस. ज्याला निरोप मिळतो त्याला समजतं, आणि तोही उलट विचारत नाही. विचारलं तर सांगणाऱ्याला ते तोंडानं बोलावं लागेल, आणि तेवढं कुणी कुणावर आणू नये. माणूस नुसता आजारी असला तर निरोप धाडतच नाहीत, कामावरच्या माणसाला घोर नको म्हणून. आबांचे वडील गेले तेव्हा असाच निरोप आला होता. आई बजाबाई गेली तेव्हाही असाच.

शहाऐंशीचा मे महिना. भिमाला ताप होता आणि आबांची पाळी आली होती. "चार दिसात उतरंल," म्हणून ते निघाले. तो मुदतीचा ताप होता, हे ते गेल्यावर समजलं.

सोमवारी दुपारी आबा सात नंबरच्या विहिरीवर उभे होते. भोक पुरं होत आलं होतं, दोन दिवसांत तेल वर यायचं. तेवढ्यात वायरलेसवरचा अतीक हातात चिठ्ठी घेऊन आला. अतीक सोलापूरचाच, विजापूर वेशीतला. एरवी तो लांबूनच ओरडायचा, "ओ मोहोळकर, भाकरी आली का?" त्या दिवशी तो जवळ येईपर्यंत बोलला नाही. मान खाली.

"आबा, घरनं निरोप हाय."

चिठ्ठीवर मुंबईच्या कचेरीनं सांगितलेलं तेवढंच लिहिलं होतं. लगेच निघून या.

आबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, पुडीच्या खिशात ठेवली. 

"इचारू का परत?" अतीक म्हणाला.

"नको."

"व्हय. नकोच."

अतीकच्या जागी कुणी बंगाली असता, कुणी मद्रासी असता, तर त्यानं सरळ विचारलं असतं, काय झालंय, कोण आजारी आहे. पण चिठ्ठी देणारा सोलापूरचा आणि घेणारा मोहोळचा. दोघांनाही तो निरोप लहानपणापासून पाठ होता.

दोन वाजताच्या हेलिकॉप्टरला आबांची जागा मिळाली होती. ते जिन्यापर्यंत गेले. तिथं केरळचा एक वेल्डर उभा होता. त्याची बायको बाळंत व्हायची होती, आणि चार दिवस तो जागेसाठी हातापाया पडत होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. लहान लेकराची माती कुणासाठी थांबवत नाहीत. मुंबई, मग रात्रीची गाडी, मग मोहोळ. आपण पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. जायचं ते कशाला, तर रिकामं अंथरूण बघायला. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली. ज्या घरात ती नाही त्या घरात पाऊल टाकायची भीती.

"तू जा," ते वेल्डरला म्हणाले. "माझं गेलंय. तुझं यायचंय."

मग त्यांनी न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. बुधवारी सकाळी सात नंबरला तेल आलं. नळातून हिसका देत आधी गढूळ पाणी, मग गॅस, मग काळपट हिरवी धार. माचीवरचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आबांनी खिशातली पुडी काढली, विहिरीच्या तोंडावरच्या झडपेला हळद लावली, कुंकू लावलं आणि हळूच नाव घेतलं. भिमा.

शेजारच्या इंजिनियरनं ते ऐकलं. त्याला वाटलं, ह्याच्या गावच्या नदीचं नाव असेल. चांगलं आहे म्हणाला, आणि दिवसाच्या अहवालात सात नंबरच्या पुढं कंसात भिमा असं लिहून टाकलं.

गुरुवारी आबा निघाले. शुक्रवारी सकाळी मोहोळच्या स्टेशनवर उतरले तेव्हा वैजयंतीचा भाऊ अमृत सायकल घेऊन उभा होता. डोळे सुजलेले.

"कवा नेलं पोरीला?" आबांनी विचारलं.

"आता तासाभरापूर्वी. लई वाट बघितली तुमची, भावजी. काल दिस मावळताना गेली."

आबांना ते पुरतं ऐकूच आलं नाही. "काल?" ते म्हणाले. "निरोप तर सोमवारी आलता."

"सोमवारीच धाडला की. पोरगी सारखी तुमचंच नाव घेत व्हती. ताई म्हणली, बोलावून घे. पर आजारी हाय म्हणून सांगू नगं, समुद्रात एकटा माणूस, घाबरंल. नुस्तं ये म्हण."

आबा स्टेशनाच्या कठड्यावर बसले. त्यांनी अमृतला सगळं सांगितलं. चिठ्ठी, अतीक, वेल्डर, डोक्यावरून घेतलेलं पाणी. अमृत ऐकत होता आणि सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं दाबत होता. वाजू न देता.

"भावजी," शेवटी तो म्हणाला, "ताईला ह्यातलं काय बी सांगू नका. निरोपाचे शब्द तिचे हायेत. ती जगायची न्हाय."

"मग का न्हाय आलो म्हणून सांगू?"

अमृतनं इकडंतिकडं बघितलं. "वारं व्हतं म्हणा. हेलिकॉप्टर उडलं न्हाय म्हणा."

तसं ठरलं. दोघं चालत घराकडे निघाले, सायकल हातात धरून. वळणावर आले आणि आबांना समोरचं खळं दिसलं. ज्वारी कधीच उचलली होती, खळं मोकळं होतं. आणि त्या मोकळ्या खळ्यावर चुन्यानं काढलेला मोठा पांढरा गोल. एकदम नीट, कुठंही वाकडा नाही. मधोमध खुंटी ठोकून दोरीनं काढलेला.

"मंगळवारी काढून घेतला माझ्याकडनं," अमृत म्हणाला. "बाज बी अंगणात आणाया लावली. वर बघत पडायची."

घरात वैजयंतीनं एवढंच म्हटलं, "लई उशीर केलासा." आणि आबा म्हणाले, "वारं व्हतं गं. उडलंच न्हाय."

त्या दिवसापासून त्या घरात वाऱ्याला थारा नाही. वैजयंतीबाईंनी आयुष्यात एवढी कुणाला शिवी दिली नसेल तेवढी वाऱ्याला दिली. खिडकी आपटली की "आला मुडदा" म्हणून उठतात आणि कडी लावतात. उन्हाळ्यात सगळं मोहोळ वाऱ्याच्या झुळकीला ओट्यावर येतं, ह्या बाई दार लावून आत. माणसांत हसतात, थट्टा करतात, सुनेला टोमणे मारतात, पण वारा सुटला की तोंड बंद. आणि आबा, जे दहा माणसांत कुणाला बोलू देत नाहीत, ते त्या वेळी खाली बघून तंबाखू मळत बसतात.

पुढं काही महिन्यांनी त्यांनी वैजयंतीबाईंना सांगितलं की समुद्रातल्या एका विहिरीला भिमाचं नाव दिलंय. कधी दिलं ते सांगितलं नाही. बाई त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवल्या. त्यानंतर आबा पाळीवरून आले की पाण्याचा तांब्या हातात देऊन त्यांचा पहिला प्रश्न असे, "भिमा कशी हाय?"

"लई जोरात हाय. दिसाला तीन हजार पिपं देती."

"माझीच पोर ती."

असं ते सुरू झालं. तिकडं तेलाचं क्षेत्र भरात आलं, आणि ह्या घरात मुलगी वाढावी तशी विहीर वाढली. नव्वदच्या सुमारास सगळ्या समुद्रातच तेलाची रेलचेल होती, तेव्हा बाई शेजारणींना सांगायच्या, आमची भिमा तेराची झाली. मग हळूहळू दाब उतरला. जमिनीखालचं तेल वर ढकलायला समुद्राचं पाणी गाळून खाली सोडायला लागले, लाखो लिटर. ते ऐकून बाई भडकल्या. "हितं टँकरला आमी घागरी घेऊन हुबं, आन् तुमी जमिनीला पाणी पाजताय?"

"खारं हाय गं ते."

"खारं असलं म्हणून काय झालं. पाणी ते पाणी."

पुढं तेलाबरोबर पाणीच जास्त यायला लागलं. आबांनी घरी सांगितलं, भिमाला पाणी लागलंय. बाई रात्रभर कळवळल्या. दोन हजार चारच्या सुमारास जुन्या क्षेत्राला नवी उभारी द्यायची मोठी योजना आली. जुन्या भोकातून आडवी वाट काढून सात नंबरमधून पुन्हा चारशे पिपं काढली, तेव्हा ह्या घरात गूळ वाटला. दोन हजार आठला आबा निवृत्त झाले. पण तिकडच्या माणसांना फोन करून ते विचारत राहिले. तीनशे. एकशेदहा. चाळीस. अतीक निवृत्त होऊन सोलापुरात नातवंडांत रमला. अमृत करोनाच्या वर्षी गेला, आणि त्या सोमवारचं पुरतं खरं काय ते ह्या भागात आबांशिवाय कुणाला माहीत राहिलं नाही.

त्यांची नात सृष्टी, भिमाच्या धाकट्या भावाची, दिग्विजयची मुलगी, तेलाचीच इंजिनियर झाली. तिच्या नोकरीचा कागद आला तेव्हा आबांनी मोहोळात एवढे पेढे वाटले की हलवाई म्हणाला, "आबा, लग्नाला काय ठेवाल?" गेल्या नोव्हेंबरात सृष्टी दोन दिवसांच्या सुट्टीवर आली. आल्या आल्या तिनं आजीच्या गळ्यात हात टाकला आणि सांगितलं की सात नंबर बंद करायची ठरली आहे. आता दिवसाला पाच पिपंसुद्धा येत नाहीत. पुढच्या मंगळवारी आत सिमेंट भरून तोंड कायमचं बुजवणार. तिचा अखेरचा अहवाल लिहायचं काम सृष्टीकडेच आलं होतं आणि त्यासाठी तिनं पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद काढून आणले होते.

वैजयंतीबाई म्हणाल्या, "सगळं वाचून दावशील का मला? पयल्यापासनं. पोरीचं सगळं एकदा ऐकून घिऊ दे."

"दाखवते की आजी. चहा झाल्यावर बसू."

बाई चहाला आत गेल्या. सृष्टी आबांजवळ लिंबाखाली येऊन बसली. हातात ती जाड फाईल. थोडा वेळ ती पानांच्या कडा बोटानं सारख्या करत राहिली.

"आबा, त्या दिवशी वारं नव्हतं."

आबांनी तंबाखूची डबी उघडली होती, ती तशीच मिटली.

"रोजच्या अहवालात हवामान लिहितात ना. सोमवार, वारा मंद, समुद्र शांत. हेलिकॉप्टर दोन वाजता आलं, अडीचला गेलं. चढणाऱ्यांत तुमचं नाव लिहून खोडलंय." तिनं पान उलटलं. "आणि बुधवारच्या पानावर भिमा लिहिलंय. आत्या तर गुरुवारी गेली."

आबांनी लगेच तोंड उघडलं. त्यांच्याकडे त्या वेल्डरची गोष्ट होती, त्याला मुलगा झाला त्याची, त्यानं पुढं केळ्याचे वेफर्स कसे धाडले त्याची. नेहमीसारखी ती ओठावर आली होती. पण नातीच्या चेहऱ्याकडे बघून ती तिथंच राहिली. त्यांनी सरळ सांगितलं. रीत सांगितली, चिठ्ठी सांगितली, अमृतचं बोलणं सांगितलं.

"म्हणजे आजीनंच कारण सांगू नका म्हटलं होतं," सृष्टी हळू म्हणाली.

"माझी काळजी म्हणून गं. तिचा काय बी दोष न्हाय. मी इचारायला पायजे हुतं. एक शब्द. अतीक तर इचारू का म्हणत हुता."

"मग मी काय वाचू आता?"

आबांनी आतल्या चुलीच्या आवाजाकडे कान दिला. कपबशा वाजत होत्या.

"मी सांगनार न्हाय तुला," ते म्हणाले. "अडतीस वर्सं वाऱ्याच्या डोस्क्यावर ठिवलंय. म्हातारा झालो. आता मला त्येचं बी वज्झं हुतंय. तुला जे वाचावं वाटंल ते वाच."

चहा झाला. ऊन उतरलं होतं. वैजयंतीबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून, पदर नीट घेऊन बसल्या, कीर्तनाला बसावं तशा. सृष्टी इंग्रजीतलं पान बघून मराठीत सांगत होती. भोक किती खोल गेलं, कुठला दगड लागला, किती वाजता काय. बाई मध्येच विचारायच्या, "तवा हे कुटं हुते?" आणि सृष्टी सांगायची, "इथंच, मशीनवर." "जेवले हुते का?" "ते लिहीत नाहीत, आजी." "एवढं लिवत्यात आन् जेवले का ते लिवत न्हाईत व्हय."

आबा मध्ये दोनदा गोष्ट सुरू करायला गेले. एकदा रशियन साहेबाची, एकदा खानावळीतल्या उंदराची.

"गप बसा की," बाई म्हणाल्या. "पोरगी वाचतीया."

सोमवारचं पान आलं. सृष्टीनं ते उलटलं आणि तिचा आवाज थांबला. आबांनी मान वर केली. त्या क्षणी त्यांना वाटलं, वाचू दे. जे आहे ते वाचू दे. एकदाचं मोकळं होऊ दे. अडतीस वर्षांत हे त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं, आणि त्यांनी ते डोळ्यांनी सांगितलंसुद्धा, पण नातीचं लक्ष आजीकडे होतं.

"सोमवार," सृष्टी म्हणाली. "वारा जोराचा. समुद्र खवळलेला. हेलिकॉप्टरची फेरी रद्द."

बाईंनी मान हलवली. "मंगळवार?"

"मंगळवारी पण. वारा जोराचा."

"हितं पान हालत न्हवतं," बाई म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. "ह्येच लिंब. एक पान हालत न्हवतं. पोर बाजंवर पडल्या पडल्या मला म्हणली, आई, वारं न्हाय, आज आप्पा येतील बघ. मी म्हणलं, व्हय माझे बाई, येतील. मला काय ठावं तितं समुद्रात सुटलंय म्हणून."

सृष्टीनं पुढचं पान काढलं. बुधवार तिनं वगळलाच, आणि नाव कधी ठेवलं ते पुढच्या महिन्यात घातलं. मग वाचत राहिली. वर्षं गेली, पिपं वाढली, घटली, पाणी लागलं, आडवी वाट निघाली. बाईंना त्यातलं पुष्कळ पाठ होतं. कुठं सृष्टी अडखळली तर त्याच सांगायच्या, "तीनशे. त्या साली तीनशे देत हुती."

संपल्यावर बाई उठल्या, सृष्टीजवळ आल्या.

"तेवढं एक पान मला दिशील? सोमवारचं?"

"कशाला आजी?"

"असू दे. ह्यांच्या बोलन्यावर माझा इस्वास न्हवता असं न्हाय. पर गोष्टी सांगनारं माणूस हाय. कदी कदी मनात यायचं, खरंच वारं हुतं का. आता सरकारी कागदावरच हाय म्हणल्यावर." त्या जरा हसल्या. "एवढी वर्सं उगाच मनात पाप आणलं बगा मी तुमच्याबद्दल."

सृष्टीनं आबांकडे बघितलं. आबा खाली बघत होते. तिनं ते पान फाईलमधून काढून दिलं. नक्कलच होती ती. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, त्यावरची इंग्रजी अक्षरं जवळ धरून बघितली, चार घड्या केल्या आणि आतल्या लोखंडी पेटीत, भिमाच्या झग्याखाली नेऊन ठेवलं. वारा मंद, समुद्र शांत, असं लिहिलेलं पान.

मंगळवारी दुपारी सृष्टीचा फोन आला. सिमेंट भरून झालं होतं, वरची झडप उतरवली होती. बंद करायच्या आधी तिनं झडपेला हळदकुंकू लावलं होतं. "पुडी आजीनंच दिली होती," ती म्हणाली. आबांना ते माहीत नव्हतं.

फोन ठेवल्यावर दोघं ओट्यावर बसून राहिले. समोर खळ्याच्या जागी आता शेजाऱ्याची ट्रॅक्टरची शेड आहे. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट काढली नाही. बाईंनीही काही विचारलं नाही. विचारण्यासारखं कुणी तिकडं उरलं नव्हतं.

चारच्या सुमाराला गार वारं सुटलं. लिंबाची पानं सळसळली आणि आतलं दार आपटलं.

"आला मुडदा," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

"बस तू," आबा म्हणाले.

ते आत गेले. वाऱ्यानं दार पुन्हा उघडलं होतं. आबांनी ते हातानं धरलं, आवाज होऊ न देता हळूच लोटलं, आणि कडी घालायच्या आधी थोडा वेळ फटीतून येणारं वारं तोंडावर घेत उभे राहिले.